न सांगितलेला धोका

अप्रिय सत्य बोलावें कीं न बोलावें हा प्रश्न नीतिशास्त्रांत फार जुना आहे. आणि त्याचें उत्तर देणारे बहुधा स्वतः निरोगी असतात. निरोगी मनुष्यास सत्य ऐकण्याचें भय नसतें व तें दुसऱ्यास ऐकविण्याचा प्रसंगहि त्याजवर क्वचितच येतो. त्यामुळें सत्याची महती गाणें त्यास सोपें जातें. परंतु तोच मनुष्य रुग्णालयांत, हातांत संमतिपत्राचा कागद घेऊन, आपल्या वडिलांच्या अगर भावाच्या खाटेपाशीं उभा राहिला म्हणजे आपली सत्यनिष्ठा किती पातळ आहे हें त्यास कळून येतें. आम्हांस तें कळून आलें आहे. ज्या प्रसंगानें तें कळलें तो प्रसंग, आणि त्यावरून उद्भवलेला प्रश्न, वाचकांपुढें ठेवावा एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आमचे थोरले बंधु परभणी जिल्ह्यांतील गंगाखेड तालुक्यांत, गोदावरीच्या कांठच्या एका खेड्यांत राहतात. दिवसां शेती पाहावी, दिवेलागणीनंतर ज्ञानेश्वरी उघडून बसावें, आणि आषाढांत दिंडीबरोबर जितकें चालवेल तितकें चालावें, असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम. वय सत्तरीच्या पलीकडे गेलेलें. दोन वर्षांपूर्वीं शेतांतून घरीं येतांना त्यांच्या छातींत कळ येऊं लागली. गांवच्या डॉक्टरांनीं त्यांस परभणीस पाठविलें. परभणीच्या डॉक्टरांनीं हृदयाच्या धमन्यांचें चित्र घेतल्यावांचून, म्हणजे अँजिओग्राफी केल्यावांचून, कांहीं सांगतां येणार नाहीं असें सांगितलें. आणि आम्ही त्यांस घेऊन एका मोठ्या शहरांतील रुग्णालयांत गेलों. त्या रुग्णालयाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण ज्या दोषाविषयीं आम्ही लिहीत आहों तो मुख्यतः त्या रुग्णालयाचा नव्हे. तो आमचा आहे.

तपासणीच्या आदल्या सायंकाळीं एका तरुण डॉक्टरानें संमतिपत्र आणून दिलें. तें इंग्रजींत, बारीक टाइपांत छापलेलें, पाठपोट होतें. आम्ही इंग्रजीचे अध्यापक. तेव्हां तें वाचण्याचें काम ओघानेंच आमच्याकडे आलें. संभाव्य धोक्यांच्या यादींत मृत्यु होता, हृदयविकाराचा झटका होता, पक्षाघात होता, मूत्रपिंडाचा बिघाड होता, आणि खालच्या बाजूस ‘दृष्टिनाश’ ह्या अर्थाचे शब्द होते. आम्हीं ते वाचले. इतक्यांत बंधूंनीं विचारलें, “काय लिहिलंय रे त्यात?” आम्हीं उत्तर दिलें, “काही विशेष नाही, दादा. साधी तपासणी आहे. नेहमीचंच असतं हे.” आम्हीं बोट ठेवलें तेथें त्यांनीं सही केली.

दुसऱ्या दिवशीं मनगटांतून नळी घालून तपासणी झाली. एक धमनी बरीच अरुंद झालेली आढळल्यामुळें त्याच वेळीं तींत स्टेंट बसविण्यांत आला, आणि सर्व कांहीं उत्तम पार पडल्याचें डॉक्टरांनीं आम्हांस आनंदानें सांगितलें. त्यांत खोटें कांहींच नव्हतें. हृदयाचें काम खरोखरच उत्तम झालें होतें. बंधु सायंकाळभर शांत पडून होते. तिसऱ्या दिवशीं सकाळीं चहाचा पेला घेतांना त्यांचा हात किंचित् चुकला, आणि आम्हीं विचारतां ते म्हणाले, “उजव्या डोळ्यापुढं काल दुपारपासून पडदा धरल्यासारखं झालंय. औषधानं होत असेल म्हणून बोललो नाही. तूच म्हणालास ना, साधी तपासणी आहे म्हणून.” नेत्रवैद्यांस तांतडीनें बोलाविलें. दृष्टिपटलास रक्त पुरविणारी मुख्य धमनी एखाद्या कणानें बंद झाली असून दृष्टि परत येण्याची आशा नाहीं, असें त्यांनीं सांगितलें.

हें कसें घडतें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण हृदयाच्या तपासणींत डोळा कसा जातो हें प्रथम ऐकणारास चमत्कारिक वाटतें. मनगटांतील अगर जांघेंतील धमनींतून एक लवचिक नळी आंत सारतात व ती महाधमनींतून हृदयाच्या मुळाशीं नेतात. तेथून हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत क्ष-किरणांना दिसणारें द्रव्य सोडलें म्हणजे अडथळा कोठें आहे तें पडद्यावर उमटतें. उतारवयांत महाधमनीच्या अस्तरावर चरबीचे व चुन्याचे थर सांठलेले असतात. नळीचें टोंक त्यांवर घासलें तर एखादा कण सुटूं शकतो. मस्तकाकडे जाणाऱ्या धमन्या महाधमनीच्या कमानीवरूनच निघतात, आणि डोळ्यास रक्त नेणारी शाखा त्यांपैकीं एकीपासूनच फुटते. सुटलेला कण ह्या वाटेनें गेला तर तो दृष्टिपटलाच्या केसासारख्या बारीक धमनींत जाऊन अडकतो. १९६१ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकचे नेत्रवैद्य रॉबर्ट हॉलनहॉर्स्ट यांनीं दृष्टिपटलांत दिसणाऱ्या अशा चकाकत्या कणांचें वर्णन केलें, व तेव्हांपासून ते त्यांच्याच नांवानें ओळखले जातात. कधीं कण डोळ्यांत न जातां मेंदूच्या मागील भागांत जातो. मग दोन्ही डोळे धड असूनहि दोहोंच्या दृष्टिक्षेत्राची एकच बाजू काळोखी होते. कधीं तपासणींत वापरलेल्या द्रव्याच्या परिणामानें मेंदूंतील दृष्टीचें केंद्र तात्पुरतें बंद पडतें, व रोग्यास एकाएकीं कांहींच दिसेनासें होतें. परंतु हें अंधत्व बहुधा कांहीं तासांत किंवा थोड्या दिवसांत ओसरतें.

हे प्रकार दुर्मिळ आहेत, हें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. नुसत्या तपासणींत पक्षाघाताचें प्रमाण साधारणतः हजारांत एक किंवा त्याहूनहि कमी असतें, आणि फुगा व स्टेंट घालण्याच्या उपचारांत तें हजारांत दोनचार असतें. डोळ्याची मुख्य धमनी बंद होण्याचा प्रकार त्याहूनहि विरळा. उलटपक्षीं, ह्या उपचारानें वांचलेल्यांची गणना करावयाची तर ती लक्षावधींनीं करावी लागेल. तेव्हां ह्या लेखावरून कोणी अँजिओग्राफी टाळावी असा अर्थ काढील तर तो आमच्यावर अन्याय करील, आणि त्याहून अधिक स्वतःवर करील.

आतां प्रश्नाकडे वळूं. बंधूंचा डोळा गेल्यावर महिनाभरानें आम्ही गांवीं गेलों होतों. ओट्यावर बसलें असतां ते आपण होऊन म्हणाले, “डोळ्याचं मला तितकं वाटत नाही. जीव राहिला, हे काय थोडं झालं? पण तुला ते ठाऊक होतं. मग मला कामून नाही सांगितलंस?” आम्ही निरुत्तर झालों. थोड्या वेळानें त्यांनींच पुढें म्हटलें, “सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का रे?”

ह्या दुसऱ्या वाक्यानें आमची सुटका व्हावयास पाहिजे होती. कारण बंधूंनीं सर्व ऐकूनहि संमति दिलीच असती, तर न सांगितल्यानें बिघडलें काय? तीच नळी त्याच वाटेनें गेली असती, तोच कण सुटला असता. परिणामांवरून कृत्याची परीक्षा करणारांच्या हिशेबीं आमच्या मौनाची किंमत शून्य भरते. तरीहि बंधूंचा सल खरा होता, आणि आमची शरमहि खरी होती. ती शरम केवळ भावनेचा दुबळेपणा होती, कीं तिच्यामागें कांहीं न्याय होता?

येथें पहिलें उत्तर सुचतें तें वेळेचें. ‘नळी घातल्यावर डोळ्यापुढें अंधारी आली तर लगेच सांग’ एवढें जरी आम्हीं म्हटलें असतें, तरी बंधु त्याच दुपारीं बोलले असते. दृष्टिपटल फार काळ रक्तावांचून जगत नाहीं. मूळचे पंजाबांतील व पुढें अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत कार्य केलेले नेत्रवैद्य सोहनसिंग हेयरे यांनीं माकडांवर केलेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, ही धमनी सुमारें ९७ मिनिटांपर्यंत बंद राहिली तरी दृष्टिपटल सांवरतें. परंतु २४० मिनिटांच्या पुढें होणारें प्रचंड नुकसान भरून येत नाहीं. म्हणजे घटका-दोन घटकांचा प्रश्न असतो, आणि त्या घटकांत हांक मारणारा एकच मनुष्य असतो: ज्याचा डोळा चालला आहे तो. बाहेरून पाहणारास कांहीं दिसत नाहीं. डोळा दुखत नाहीं, लाल होत नाहीं. ज्यास ‘साधी तपासणी आहे’ असें सांगितलेलें असतें, तो अंधारीसुद्धां साधीच समजतो. माहिती दिल्यानें मनुष्य भितो असें आपण म्हणतों. पण ती न दिल्यानें तो गप्प बसतो हें आपण विसरतों.

हें उत्तर व्यवहारांत फार महत्त्वाचें आहे, आणि ज्यांच्या घरीं उद्यां असा प्रसंग येईल त्यांनीं तें अवश्य ध्यानांत ठेवावें. परंतु नीतीच्या प्रश्नास तें पुरें पडत नाहीं. कारण त्या नेत्रवैद्यांनीं आम्हांस स्पष्ट सांगितलें कीं, तत्काळ कळलें असतें तरी डोळा वांचलाच असता असें नाहीं. रक्ताची गांठ विरघळविणारें औषध पहिल्या चारसाडेचार तासांत देऊन पाहतात, पण त्याचा गुण निश्चित नाहीं. शिवाय अडकलेला कण चुन्याचा किंवा चरबीचा असेल तर तो त्या औषधानें विरघळत नाहीं. तेव्हां ‘सांगितलें असतें तर डोळा राहिला असता’ ह्या पायावर आम्हांस आमचा दोष उभारतां येत नाहीं, आणि त्याच्या अभावीं आमचें निर्दोषत्वहि उभारतां येत नाहीं. प्रश्न तेथल्या तेथें राहतो: परिणामांत कांहींच फरक पडणार नसेल, तर मनुष्यास त्याच्यावर येणारा धोका सांगणें हें कर्तव्य आहे काय?

न सांगणारांचा पक्ष हलका नाहीं. चरकसंहितेंत वैद्यास असा उपदेश आहे कीं, रोग्याचें आयुष्य सरत आल्याचें कळलें असतांहि, जेथें तें सांगितल्यानें रोग्यास किंवा दुसऱ्या कोणास आघात होईल तेथें तें बोलूं नये. करुणेनें सत्य झांकण्याची ही परंपरा आपल्या रक्तांत इतकी मुरलेली आहे कीं, आजहि मध्यम वर्गाच्या घरांत वडिलांना कर्करोग झाला तर घरांतल्या सर्वांस तो ठाऊक असतो आणि वडिलांस तेवढा नसतो. पण त्याच प्राचीनांत दुसराहि सूर आहे. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेचें वर्णन करतांना सुश्रुतानें म्हटलें आहे कीं, शस्त्र न चालविल्यास मृत्यु निश्चित व चालविल्यास यश संशयित, म्हणून अधिपतीची अनुज्ञा घेऊनच वैद्यानें त्यास हात घालावा. कौटिलीय अर्थशास्त्रांत तर, प्राणास धोका असलेला उपचार न कळवितां आरंभिला व रोगी दगावला, तर वैद्यास दंड सांगितला आहे. मात्र हें कळवावयाचें कोणास? सामान्यतः त्याचा अर्थ राजाधिकाऱ्यांस असा घेतात. म्हणजे धोका कोणास तरी सांगितला पाहिजे हें आमच्या पूर्वजांस मान्य होतें. तो ज्याच्या देहावर यावयाचा त्यासच सांगावा हा विचार मात्र पुढच्या काळाचा आहे.

हा पुढचा विचार आपल्या न्यायालयांतहि सावकाशच आला. १६ जानेवारी २००८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें समिरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा ह्या खटल्यांत महत्त्वाचा निकाल दिला. दिल्लींतील ह्या रुग्णेनें तपासणीपुरती संमति दिली होती. ती भूल दिलेल्या अवस्थेंत असतां तिच्या आईची संमति घेऊन तिचें गर्भाशय व बीजकोश काढून टाकण्यांत आले. सज्ञान व समजत्या मनुष्याच्या जागीं आप्ताची संमति चालत नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. पण त्याच निकालांत असेंहि म्हटलें आहे कीं, उपचाराचें स्वरूप, त्याचा लाभ, पर्याय व ठळक धोके सांगितले म्हणजे पुरे. अगदीं दूरचे धोके सांगण्याची आवश्यकता नाहीं, कारण त्यामुळें रोगी घाबरून आवश्यक उपचार नाकारील.

तेव्हां हा दूरचा धोका म्हणजे कोणता, आणि तें अंतर कोणाच्या फुटपट्टीनें मोजावयाचें, एवढाच वाद उरतो. ह्या मुद्द्यावर ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९२ सालीं दिलेला एक निकाल पाहण्यासारखा आहे, आणि तो खटलाहि योगायोगानें डोळ्याचाच होता. व्हिटेकर नांवाच्या बाईंचा उजवा डोळा लहानपणच्या इजेनें जवळजवळ निकामी झालेला होता. रॉजर्स नांवाच्या डॉक्टरांनीं त्यावर शस्त्रक्रिया केली. तिचा परिणाम होऊन चांगला डावा डोळाहि दाहानें गेला. असें होण्याचा संभव सुमारें १४,००० शस्त्रक्रियांत एक एवढाच होता. वैद्यांच्या दृष्टीनें हा धोका सांगण्याच्या योग्यतेचा नव्हता. पण बाईंनीं आपल्या चांगल्या डोळ्यास कांहीं होणार नाहीं ना, म्हणून पुन्हां पुन्हां चौकशी केली होती. न्यायालयाचें म्हणणें असें पडलें कीं, धोका महत्त्वाचा आहे कीं नाहीं हें केवळ आंकड्यानें ठरत नाहीं. तो ज्याच्यावर यावयाचा त्या मनुष्याच्या स्थितींत त्यास तो महत्त्वाचा वाटेल कीं नाहीं, ह्यावर ठरतें. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१५ सालीं, माँटगोमेरी ह्या मातेच्या खटल्यांत, जवळजवळ हीच दिशा धरली.

आम्हांस ह्या तत्त्वांत मोठें तथ्य दिसतें. हजारांत एक हा आंकडा वैद्यास एक अर्थ सांगतो, कारण त्याच्यापुढें हजार रोगी असतात. रोगी एकच असतो. त्याच्यापुढें स्वतःचा डोळा असतो. रोज सायंकाळीं पोथी वाचणाऱ्या मनुष्यास डोळ्याचें मोल काय, हें छापील यादीस ठाऊक नसतें. पण आम्हांस तें ठाऊक होतें. आणि यादी वाचणारे आम्हीच होतों. म्हणूनच आमचें मौन डॉक्टरांच्या घाईपेक्षां अधिक दोषार्ह ठरतें.

आतां भयाचा मुद्दा. परभणीसारख्या जिल्ह्यांत तो केवळ पुस्तकी नाहीं. पालमचा अगर जिंतूरचा एखादा गरीब मनुष्य मोठ्या मुष्किलीनें शहरीं येतो. महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवाच्या राज्य सरकारच्या योजनेखालीं त्याच्या स्टेंटचा खर्च मंजूर होतो. आणि अशा वेळीं ‘डोळा जाऊं शकतो’ एवढें ऐकून तो उठून गांवीं परत गेला व महिन्याभरांत हृदयविकारानें वारला, तर सत्य सांगणाराच्या पदरीं काय पुण्य पडलें? हा प्रश्न आम्हीं एका अनुभवी डॉक्टरांच्या तोंडून ऐकला आहे, आणि त्यांत ढोंग नव्हतें.

परंतु ह्या युक्तिवादांत एक गृहीत दडलेलें आहे. तें असें कीं, खेड्यांतील मनुष्यास संभवाचें गणित कळत नाहीं. हें गृहीत आम्हीहि धरलें होतें, आणि आज त्याचीच आम्हांस सर्वांत अधिक लाज वाटते. आमचे बंधु गेलीं पन्नास वर्षें मृगाच्या पहिल्या पावसानंतर आकाशाकडे पाहून पेरावें कीं थांबावें याचा निर्णय करीत आले आहेत. लवकर पेरलें आणि पाऊस गेला तर दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर बसतो. उशीर केला तर ओल निघून जाते व हंगाम हातचा जातो. बियाणें, खत, कर्ज, मुलीचें लग्न, सगळें त्या एका निर्णयावर टांगलेलें असतें. दरवर्षीं सर्वस्व पणास लावून, निश्चिति कशाचीच नसतां, शांतपणें निर्णय करणारा मनुष्य. आणि त्यास हजारांत एक म्हणजे काय तें समजणार नाहीं असें ठरविणारे आम्ही कोण? पेन्शनीच्या निश्चितींत आयुष्य काढलेले! धोक्याचा अनुभव त्यांचा मोठा, इंग्रजीचा आमचा. आणि त्या दिवशीं अधिकार इंग्रजीनें गाजविला.

भय सत्यानें उत्पन्न होतें त्यापेक्षां तें सांगण्याच्या रीतीनें अधिक होतें. तीस धोक्यांची यादी एका दमांत वाचून दाखविली तर शहाणाहि गांगरेल. आणि तशी यादी हातीं देऊन सही घेतली तर तें सांगणें नव्हे, तो पुढील दाव्यापासून बचाव होय. उलट, ‘तपासणी केली नाहीं तर झटका येण्याचा धोका एवढा, केली तर हे दोनतीन धोके, पण ते फार थोड्यांस, त्यांत एक डोळ्याचा, तसें कांहीं जाणवलें तर त्याच क्षणीं सांगा’ एवढीं वाक्यें त्याच्या भाषेंत सांगण्यास पांच मिनिटें लागतात. ह्या पांच मिनिटांनीं पळून जाणारे कोणी नसतीलच असें आम्ही म्हणत नाहीं. पण समजून नकार देणाराचा नकारहि त्याचाच असतो. आणि न समजतां दिलेला होकार मात्र कोणाचाच नसतो.

ह्या उपचाराच्या जन्माची कथा ह्या संदर्भांत आम्हांस वारंवार आठवते. १९२९ सालीं जर्मनींतील एबर्सवाल्ड येथील रुग्णालयांत वेर्नर फोर्समान नांवाच्या तरुण डॉक्टरास नळी हृदयापर्यंत नेतां येते हें सिद्ध करून दाखवावयाचें होतें. वरिष्ठांनीं मनाई केली. गेर्डा डिट्झेन नांवाच्या परिचारिकेनें प्रयोगासाठीं स्वतःचा देह देऊं केला. फोर्समाननें तिला मेजावर बांधलें, तिच्यावरच प्रयोग करीत असल्याचा बहाणा केला, आणि प्रत्यक्षांत नळी स्वतःच्या दंडांतील शिरेंत घातली. मग ती आंत असतांनाच क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत जाऊन ती हृदयांत पोंचल्याचें चित्र घेतलें. १९५६ सालीं त्यास दोघां अमेरिकन संशोधकांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्या साहसाची स्तुति सर्वच करतात. आम्हांस मात्र त्या प्रसंगाचीं दोन अंगें निराळीं दिसतात. धोका त्यानें स्वतः जाणून, स्वतःवर घेतला. म्हणून त्यास आपण वीर म्हणतों. आणि त्या परिचारिकेस त्यानें फसविलें; तिच्या हितासाठीं फसविलें, तरी तिला राग आलाच असेल असें आम्हांस वाटतें. जिनें जाणून पुढें येण्याचें धैर्य दाखविलें, तिच्या धैर्यास दोऱ्यांनीं बांधून बाजूस ठेवण्यांत आलें.

बंधूंच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथें सांपडलें. त्यांनीं संमति दिलीच असती हें खरें. पण ती दिली असती तर तो धोका त्यांनीं पत्करलेला असता; न सांगितल्यामुळें तो त्यांच्यावर येऊन पडला. कण तोच, धमनी तीच, अंधार तोच. तथापि पत्करलेलें दुःख आणि येऊन पडलेलें दुःख हीं दोन निरनिराळीं दुःखें आहेत. पहिल्यांत मनुष्य कर्ता असतो. दुसऱ्यांत तो केवळ एक ठिकाण असतो, जेथें कांहीं घडतें. पाऊस गेला आणि पेरणी बुडाली तर शेतकरी हळहळतो, पण आपला अपमान झाला असें त्यास वाटत नाहीं, कारण पेरण्याचा निर्णय त्याचा असतो. पण त्याच्या नकळत दुसऱ्या कोणीं त्याचें बियाणें मातींत टाकलें असतें, तर पीक चांगलें येऊनहि त्यास विचारावेंसें वाटलें असतें कीं, शेत माझें होतें ना?

ह्यावरून आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. उपकृत मनुष्यानें तक्रार करूं नये असा आपल्याकडे संकेत आहे. ‘जीव वांचला ना? मग डोळ्याचें काय घेऊन बसलांत?’ असें भेटीस आलेल्या अनेकांनीं बंधूंस सुनावलें. पण कृतज्ञता आणि तक्रार ह्यांचें वैर आहे असें आम्हांस वाटत नाहीं. बंधु त्या डॉक्टरांचें नांव आदरानें घेतात, आणि विचारलें नाहीं ह्याचा सलहि बाळगतात. दोन्ही खरें आहे. ज्यास आपण जीवदान देतों त्यानें आपला प्रश्न विचारण्याचा हक्क त्याच्या मोबदल्यांत द्यावा, असा सौदा उपकार करणारानें मनांत धरूं नये. आणि घरच्या माणसांनीं तर मुळींच धरूं नये. कारण ममतेच्या नांवाखालीं आपण वडीलधाऱ्यांच्या वतीनें किती निर्णय परस्पर उरकतों, याचा हिशेब आपल्या घरांत कोणी ठेवीत नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत बंधूंच्या डाव्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढावा लागेल असें ठरलें. आतां तो एकच डोळा उरला आहे, तेव्हां ह्या वेळीं पणास लागलेली वस्तु पूर्वीपेक्षां मोठी होती. संमतिपत्र पुन्हां आमच्या हातीं आलें. आम्हीं तें ओळीओळीनें मराठींत करून त्यांस वाचून दाखविलें. दृष्टि कायमची जाण्याच्या वाक्यापाशीं आमचा आवाज अडखळला. ते म्हणाले, “वाच की पुढं.” आम्हीं पुढें वाचलें. त्यांनीं डॉक्टरांस तीन प्रश्न विचारले, आणि सही न करतां ते गांवीं परतले. ज्वारीची काढणी झाल्यावर, पंधरवड्यानें, ते आपण होऊन गाडींत बसून परभणीस आले व कोठें सही करावयाची तें विचारून त्यांनीं सही केली.

शस्त्रक्रिया नीट झाली. सायंकाळचें वाचन पुन्हां सुरू झालें आहे. अक्षर मात्र मोठें लागतें. पण ती नीट झाली नसती तरी ह्या वेळीं आम्हांस त्यांच्या तोंडाकडे पाहतां आलें असतें.